परदेशात पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जायचंय? नाशिकहून तयारी कशी करायची ते सविस्तर

सुरुवातीलाच एक गोष्ट क्लिअर करतो, कारण हे वाचून कोणी येवल्याकडे गाडी वळवायला नको. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. येवल्याजवळच्या ममदापूरच्या माळावरचं काळवीट शेड्यूल एकमधलं, म्हणजे कायद्यातल्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतलं आहे, त्याला हात लावला तर ३ ते ७ वर्षं आत, आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे. मी दर हिवाळ्यात ममदापूरला फक्त बघायला जातो, दुर्बीण घेऊन. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते सगळं न्यूझीलंडबद्दल आहे, जिथे हरणं बाहेरून आणलेली आहेत आणि ती कमी करावीच लागतात.

आमची आजी पंचवटीतली. तिला सांगितलं की हरणाच्या शिकारीला चाललोय, तर ती म्हणाली अरे आपल्या गावात सोन्याच्या हरणामागे गेल्यावर काय काय झालं ते तुला माहीत नाही का. मग तिला बसवून नीट समजावलं की न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ, हरीण तिथलं नाहीच, इंग्रज लोकांनी १८५१ पासून रेड डिअर जहाजातून आणून सोडली, तिथे ना वाघ ना बिबट्या ना कोळसुंदं, मग ती एवढी वाढली की जंगलातली कोवळी झाडं खाऊन टाकायला लागली आणि १९३० ला सरकारने संरक्षण काढून पगारी शिकारी लावले. आज तिथे हरणांच्या सात जाती आहेत, त्यातलं सांबर श्रीलंकेतून गेलेलं आणि डोंगरातला ताहर (तो हरीण नाही, रानबकरीसारखा) मूळचा आपल्या हिमालयातला, १९०४ ला इंग्लंडमधून गेलेला. आजीचं समाधान झालं की नाही माहीत नाही पण तिने जाताना हातावर दही ठेवलं.

देश ठरवतानाच बरंच काम होतं. स्कॉटलंडची हरणं तिथलीच आहेत, तिथली पद्धत जुनी आणि सुंदर आहे. अमेरिकेत व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक हातात घ्यायची तर आधी तिथल्या राज्याचं हंटिंग लायसन्स काढावं लागतं आणि बऱ्याच राज्यांत त्याच्याही आधी कोर्स. न्यूझीलंडमध्ये तुमच्याकडे लायसन्स नसलं तरी लायसन्सवाल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली रायफल चालवता येते, म्हणजे तो हाताच्या अंतरावर हवा आणि त्याच्या हातात दुसरी बंदूक नको, दोघांत एकच रायफल. पहिल्या ट्रिपसाठी मला हे सगळ्यात चांगलं वाटलं, कारण जे शिकायचं ते शेजारी बसलेल्या माणसाकडूनच शिकायला मिळतं. म्हणून स्वतःची रायफल न्यायच्या भानगडीत पडू नका, घरी लायसन्सची बंदूक असली तरी. गाईडची रायफल त्या डोंगरासाठी लावलेली असते, बहुतेक वेळा पॉइंट ३०८ किंवा ७ एमएम-०८ मापाच्या गोळीची असली काहीतरी, वर सायलेन्सर पण असतो कारण तिकडे तो कायदेशीर आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शिंगांच्या मागे जाऊ नका. नेटवर शोधलं की आधी मोठ्या मोठ्या शिंगांचे फोटो येतात, ते बहुतेक कुंपणाच्या आतल्या एस्टेटवरचे नर असतात, शिंगं मोजून पॉइंटप्रमाणे रेट लावतात आणि तो रेट बघून माणूस ट्रिपचा विचारच सोडून देतो. त्याऐवजी गाईडला सरळ लिहायचं की मला मादी मारायची आहे, फ्री रेंज म्हणजे कुंपणाबाहेरची, मांसासाठी. मादी कमी केली तरच कळप कमी होतो त्यामुळे जमीनमालकालाही तेच हवं असतं, पैसेही बरेच कमी लागतात आणि तुम्हाला माग काढणं, वारा, चढ सगळं तेवढंच शिकायला मिळतं. तसंही शिंगं आणून करणार काय, वन्यप्राण्याचा कुठलाही भाग असा बॅगेत घालून भारतात आणता येत नाही, शिंगं नाही, कातडं नाही, मांस नाही. हे आधीच मनाशी पक्कं करा म्हणजे तिथे गेल्यावर कोणी टॅक्सीडर्मीचा (मुंडकं पेंढा भरून टिकवायचा) खर्च गळ्यात मारणार नाही.

वेळ कुठली? मार्चअखेर ते एप्रिल मध्यापर्यंत नर डरकतात, तिकडे त्याला रोर म्हणतात, अनुभव जबरदस्त असतो म्हणे, पण तेव्हा गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात आणि आपल्याकडे द्राक्षाची शेवटची काढणी चालू असते. मी पिंपळगाव साईडचा बागाईतदार, मला मार्चमध्ये बाग सोडणं शक्यच नव्हतं. खरड छाटणी उरकली, काडी तयार व्हायला लागली की मेअखेरीस आठ दहा दिवस काढता येतात आणि तो काळ मादीच्या शिकारीला उत्तम, तिकडे हिवाळ्याची सुरुवात, हरणं खालच्या उतारांवर येतात. फक्त दिवस लहान असतो, साउथ आयलंडला उजाडायलाच आठ वाजतात आणि पाचला अंधार, त्यामुळे सकाळ संध्याकाळचे दोन-दोन तासच खरे कामाचे. पाच दिवसांचं बुकिंग ठेवा, दोन दिवसांचं नको, पाऊस आणि ढगात दोन दिवस सहज जातात.

गाईड निवडायला मी चार महिने घेतले आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. न्यूझीलंड प्रोफेशनल हंटिंग गाईड्स असोसिएशन म्हणून त्यांची संघटना आहे, तिथून सुरुवात करा. मग तीन चार जणांना मेल टाका आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा, जमीन खासगी आहे की सरकारी, सरकारी असेल तर गाईडिंगचं कन्सेशन म्हणजे परवाना आहे का कारण तिथल्या कॉन्झर्वेशन खात्याच्या जमिनीवर पैसे घेऊन गाईड करायला ते लागतंच, एका गाईडमागे किती लोक, कुंपण आहे का, रायफल आणि गोळ्या धरून रेट आहे का, रेटमध्ये १५ टक्के जीएसटी आहे का, हरीण जखमी होऊन निघून गेलं तर पैसे धरता का (बरेच जण धरतात, आणि धरायलाच पाहिजेत), हवामानामुळे दिवस वाया गेला तर काय, डिपॉझिट परत कधी मिळतं. एकाने मला उत्तरात नुसते फोटो पाठवले आणि आठवडाभरात डिपॉझिट भरा म्हणून मागे लागला, त्याला सोडून दिलं. ज्याच्याकडे शेवटी गेलो त्याने उलट मलाच प्रश्न विचारले, वय किती, गुडघे कसे आहेत, १२ किलो पाठीवर घेऊन किती चढता, आधी कधी गोळी चालवली आहे का, मांसाहारात काय चालतं काय नाही. असा उलट विचारणारा माणूस मिळाला की पकडून ठेवा. आणि व्हेज असाल तर तेही आधी लिहा, डोंगरातल्या झोपडीत ऐनवेळी काही मिळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. व्हिजिटर व्हिसा ऑनलाइन भरायचा, १०० न्यूझीलंड डॉलरची लेव्ही त्या फीसोबतच जाते, आणि कारणात गाईडबरोबर शिकार असंच खरं लिहायचं, गाईडचं बुकिंग लेटर जोडायचं. पैसे बँकेतून एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवा, टीसीएस म्हणजे बँकेने आधीच घेतलेला कर कापला गेला तर तो रिटर्न भरताना वळता होतो, सीएला पावती द्या. इन्शुरन्स मात्र नीट वाचा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत शिकार बहुतेक वेळा वगळलेली असते, कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या की बंदुकीने शिकार आणि हेलिकॉप्टरने उचलणं कव्हर आहे. तिकडे अपघात झाला तर एसीसी नावाची सरकारी योजना परदेशी माणसाच्याही उपचाराला मदत करते पण आजारपण आणि घरी परत आणणं त्यात नाही.

शरीराची तयारी म्हणाल तर नाशिकसारखं गाव नाही. मी फेब्रुवारीपासून दर रविवारी रामशेज, महिन्यातून एकदा अंजनेरी किंवा हरिहर, शेवटी १६४६ मीटरचं कळसूबाई दोनदा, आणि पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून १२ किलो. चढण्यापेक्षा उतरायची प्रॅक्टिस करा, मांस घेऊन खाली उतरताना मांड्या बोलायला लागतात. बूट नवीन घेतले असतील तर ते याच चढावर मोकळे करून घ्या.

नेमबाजीसाठी दहा मीटरची एअर रायफलची रेंज पुरते. घरी घ्यायची असेल तर पॉइंट १७७ ची, २० जूलच्या आतली एअर रायफल लायसन्सशिवाय मिळते. दहा मीटर आणि २०० मीटरमध्ये जमीन अस्मानाचा फरक आहे हे खरं, पण ट्रिगर हळू दाबणं, श्वास अर्धा सोडून थांबणं, गोळी सुटल्यावरही डोळा न हलवणं हे तिथेच अंगात मुरतं. आपल्या नाशिकचे भीष्मराज बाम सर, ज्यांनी देशाच्या मोठमोठ्या नेमबाजांची मानसिक तयारी करून घेतली, त्यांचाही भर श्वासावर आणि मन शांत ठेवण्यावरच असायचा. मी रोज ४० गोळ्या, त्यातल्या निम्म्या मुद्दाम जिने चढून आल्यावर, छाती धडधडत असताना. बसून आणि काठीच्या टेकूवरून मारा, उभ्याने नको, डोंगरात उभ्याने मारायची वेळ गाईड येऊच देत नाही.

सामानात सुती काही नको, भिजलं की वाळत नाही आणि थंडी हाडात शिरते. मेरिनो लोकरीचे दोन बनियन, वरून फ्लीस, त्यावर रेनकोट, टोपी, हातमोजे, ८x४२ ची दुर्बीण. बूट मात्र दातघासणीने घासून धुवा, तळव्याच्या खाचांतली माती सुईने काढा, कारण न्यूझीलंडला माती आणि बिया चालत नाहीत, अरायव्हलच्या फॉर्ममध्ये ट्रेकिंगचे बूट आणि खायचं सामान डिक्लेअर करायचं, लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मी चिवडा डिक्लेअर केला, त्यांनी बघून परत दिला. नाशिकहून मुंबई, तिथून सिंगापूरमार्गे ख्राइस्टचर्च असा मी गेलो, पोचल्यावर एक दिवस रिकामा ठेवा, झोप पूर्ण झाल्याशिवाय रायफल हातात घेऊ नये.

पहिल्या सकाळी गाईड आधी टार्गेटवर चार पाच गोळ्या मारायला लावतो. खांद्याला धक्का किती बसतो ते कळतं आणि तुम्हाला किती अंतरापर्यंत मारू द्यायचं हे तो तिथे ठरवतो. मला त्याने १८० मीटर सांगितलं आणि मी ते मानलं. तुम्हीही माना.

डोंगरात सगळा खेळ वाऱ्याचा. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढायला लागते, म्हणून सकाळी वेगळ्या बाजूने आणि दुपारी वेगळ्या बाजूने जायचं. गाईडच्या खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली होती, दर दहा मिनिटांनी दाबून बघायचा. हरणाला तुम्ही दिसलात तर ते थांबून बघतं, वास आला तर थांबत नाही. नेम पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागात, आडवं उभं असेल तेव्हाच. धारेवर असेल आणि मागे आभाळ दिसत असेल तर मारायचं नाही, कारण चुकलेली गोळी पलीकडच्या दरीत कुठे जाईल सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी माझा नेम बसला होता, बोट ट्रिगरवर जाणार तोच गाईडने नळीवर हात ठेवला, मागे झुडपात पिल्लू उभं होतं जे मला दिसलंच नव्हतं. तिथून आम्ही तसेच परत आलो. त्यांच्याकडे नियमच आहे, काय मारतोय याची शंभर टक्के खात्री आणि गोळीच्या पुढे मागे काय आहे ते बघणं, आणि यासाठी गाईड तुम्हाला थांबवेल तेव्हा वाद घालायचा नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी १४० मीटरवर एक मादी मिळाली. गोळी लागल्यावर ती २० पावलं पळाली. लगेच धावत जायचं नाही, दुसरी गोळी भरून, मादी कुठे पडली ती जागा डोळ्यात धरून बसायचं. जवळ गेल्यावर हात थरथरत होते आणि बराच वेळ काही बोलवत नव्हतं, गाईड थोडा लांब जाऊन थांबला. मग त्याने सुरी हातात दिली. पोट साफ करणं, मागचे पाय आणि पाठीचं मांस काढून पिशव्यांत भरणं हे सगळं स्वतः करा, ते न करता नुसता फोटो काढून यायचं असेल तर जाऊ नका असं मी स्पष्ट सांगतो. रात्री त्यातलंच मांस मी घरून नेलेल्या काळ्या मसाल्यात केलं, बाकीचं गाईडच्या आणि जमीनमालकाच्या फ्रीजरमध्ये गेलं. फोटो टाकलात तर देश आणि कायदेशीर शिकार असं सोबत लिहाच, नाहीतर इथे वनखात्यापर्यंत विचारणा जाते.

निघताना शेवटचं काम बॅग रिकामी करण्याचं. एअरपोर्टवर गोळी सापडली तर आर्म्स अॅक्टचं लफडं, रिकामी पुंगळीही आठवण म्हणून ठेवायची नाही. सगळे खिसे उलटे करा, बुटात बघा, दुर्बिणीच्या कव्हरमध्ये बघा. मी सगळं झटकून परत भरलं होतं आणि तरी रेनकोटच्या आतल्या खिशात एक पितळी पुंगळी निघालीच, ती गाईडच्या हातात दिली आणि मग बॅगेला कुलूप लावलं.