म्हैस काढायची नाही

अलिबागजवळच्या सासवणे गावात शिल्पकार करमरकरांच्या शिल्पालयाच्या आवारात सिमेंटची एक म्हैस आहे, खऱ्या म्हशीएवढी. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्यासमोर बसून मी दोन तास घालवले. शिंगांचा पीळ, नाकपुड्या, गळ्याच्या वळ्या, काही सोडलं नाही. चित्र हुबेहूब आलं. घरी आणून भिंतीला टेकवलं, चार पावलं मागे सरलो आणि लक्षात आलं, की हीच म्हैस आपण दूध डेअरीच्या बोर्डांवर आजवर तीसदा रंगवलीय.

मी पेंटर. दुकानांचे बोर्ड, भिंतीवरच्या जाहिराती, होड्यांची नावं. अलिबागच्या आसपासच्या गावांत पंचवीस वर्षं हेच केलं. फ्लेक्स आला आणि बोर्ड गेले. होड्या तेवढ्या राहिल्या, कारण खाऱ्या पाण्यापुढे फ्लेक्सचं काही चालत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या. मग नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्या नाखवांना एकाच आठवड्यात रंग हवा असतो. तेवढे दिवस सोडले तर हाताला वेळ असतो, आणि त्या वेळात मी अमूर्त चित्रं काढतो, म्हणजे ज्यांत ओळखीची वस्तू दिसत नाही अशी. रविवारी गावातली दोन-चार पोरं येतात शिकायला, शिल्प बघून अमूर्त चित्र कसं करायचं हे त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट. ‘अमूर्त म्हणजे काहीही फासायचं’ असं ज्यांना वाटतं त्यांना मी बोर्डावरच्या अक्षरांचं उदाहरण देतो. शिकाऊ असताना मी ‘सरकारमान्य’ हा शब्द पट्टी लावून लिहिला होता, प्रत्येक अक्षरात मोजून तेवढंच अंतर. उस्तादांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, पुसून टाक, दात पडल्यासारखं दिसतंय. चूक पट्टीची नव्हती. ‘र’ हे अक्षर पोटाने मोकळं, त्याच्या आजूबाजूला पोकळी आपोआप सांडते, ‘म’ भरलेलं. मोजून सारखं अंतर ठेवलं तर डोळ्याला ते सारखं दिसतच नाही. ‘र’ जवळ ओढावा लागतो. किती? ते डोळा सांगतो. उस्तादांना विचारलं तर म्हणायचे, ‘बसलं की कळतं.’ अमूर्त चित्रात मला जे लागतं ते नेमकं हेच आहे, फक्त अक्षरं नसतात. आणि हा डोळा तयार करायला शिल्पासारखी दुसरी वस्तू नाही. फोटोला एकच बाजू असते. शिल्पाभोवती फिरावं लागतं, त्याला वजन असतं, त्यात भोकं असतात.

सामान फार नको. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी गोळा करा, चाळीस-पन्नास तरी. कागद महाग असला की हात घाबरतो. खाली टेकायला पुठ्ठा, दोन चाप, चित्रकलेच्या दुकानात मिळणाऱ्या कोळशाच्या कांड्या. खोडरबर घरी ठेवा. पेन्सिलही. पेन्सिल हातात आली की बोटं आपोआप अक्षर गिरवायला लागतात. कोळशाची कांडी इंचभर मोडून आडवी धरायची आणि खांद्यापासून हात हलवायचा, मनगटापासून नाही.

सासवण्याला मांडव्याहून रिक्षा मिळते. विनायक पांडुरंग करमरकर (1891–1967) त्याच गावचे. पुण्यातला 1928 सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कुलाबा जिल्ह्याचे (म्हणजे आताच्या रायगडचे) कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिलं आणि मुलाला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला पाठवलं. भिंत रंगवून नशीब उघडलेला माणूस, म्हणजे आमच्याच धंद्यातला म्हणायचा. तिथे गेल्यावर आधी विचारा, कुठे बसलेलं चालेल, कुठे नाही. आत शाई-पाणी नेऊ नका. कोळशाचे हात शिल्पाला तर लावूच नका.

मग पहिली पाच मिनिटं हात खिशात. शिल्पाभोवती एक फेरी मारा आणि एवढंच बघा, की वजन कुठून कुठे उतरतंय. उभी आकृती असेल तर ती कुठल्या पायावर उभी आहे ते आधी शोधा. ज्या पायावर भार असतो त्या बाजूचं कंबरेचं हाड वर चढतं आणि खांदा बहुधा त्याच बाजूला खाली येतो. आपल्या जुन्या मूर्तींत याच वळणाचा पुढे त्रिभंग झालाय: मान एकीकडे, धड दुसरीकडे, कंबर पुन्हा पहिल्या बाजूला. स्वतः तसं उभं राहून बघा. लोक हसतील, हसू द्या. माझं तर असं आहे, की जे अंगात आलं नाही ते हातात येत नाही.

आता मोबाईलवर गजर. एक मिनिटाची दहा रेखाटनं, प्रत्येक नव्या कागदावर, प्रत्येक वेळी दोन पावलं सरकून. मग अर्ध्या मिनिटाची दहा. मग दहा सेकंदांची दहा. मिनिटाच्या चित्रात तुम्ही अजून ‘शिंग’, ‘कान’, ‘डोळा’ अशी नावं घेत असता. अर्ध्या मिनिटात नावं गळायला लागतात. दहा सेकंदांत फक्त एक वजन आणि त्याला तोलणारा एक झटका एवढंच हाती लागतं, आणि आपल्याला तेच हवंय. पहिल्या दिवशी दहाही चित्रं केरात जातील. माझी बाराव्या फेरीपर्यंत गेली, कारण हात हट्टाने बाह्यरेषा ओढायचा. शेवटी मी कागदाकडे बघणंच सोडलं. नजर म्हशीच्या पाठीवरून सरकेल तसा हात सरकवायचा, कागदावर काय होतंय ते गजर वाजल्यावर बघायचं. हा उपाय ज्यांचा हात ‘चांगला’ आहे त्यांच्यासाठी खास. ज्यांनी कधी चित्रच काढलं नाही त्यांना त्याची फारशी गरज पडत नाही, ती पोरं पहिल्याच दिवशी सुटतात. मला जरा रागच येतो त्याचा.

मध्येच पाच-सहा कागदांवर आकृती न काढता पोकळी काढा. कंबरेवर हात ठेवलेली आकृती असेल तर हात आणि कुशी यांच्यामधला तुकडा काळा करायचा, बाकी कागद तसाच. यासाठी घारापुरीला (एलिफंटाला) जाण्याची खटपट जरूर करा. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं सांभाळा. तिथला अर्धनारीश्वर नंदीवर हात टेकून उभा आहे. त्या टेकण्याने मधे जो त्रिकोणी अंधार तयार होतो, तो मी एका सकाळी सतरा वेळा काढला. महेशमूर्ती, म्हणजे तीन मुखांचा शिव, मात्र सुरुवातीला सोडा. तीन पुरुष उंच ते शिल्प, त्याच्यापुढे बसलं की माणूस रेखाटन करत नाही, नुसता बघत राहतो. त्यापेक्षा अंधकासुरवध बघा. खालचा भाग फुटून गेलाय, पाय नाहीत, तरी अंगातला जोर शाबूत आहे. आकार गेला तरी जोर कसा राहतो, हे मला कुणी तोंडाने समजावून सांगू शकलं नसतं.

एवढं लांब जमत नसेल तर गावाच्या शिवेवरचा वीरगळ बघा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. कोकणात पुष्कळ आहेत, कुठे देवळामागे, कुठे पिंपळाच्या पारावर टेकवलेले. तळाशी लढाई, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कळस. पावसाने इतके झिजलेले असतात की नाक-डोळे शिल्लकच नाहीत. नवख्याला उत्तम. शेंदूर लावलेला असेल तर तो पुजेतला आहे असं समजून चपला काढा आणि विचारूनच बसा.

घरी आलात की सगळे कागद जमिनीवर पसरा. इथे घाई करू नका, माझ्या मते खरं काम इथेच होतं. चांगलं चित्र शोधायचं नाही. कुठली रेषा पुन्हा पुन्हा आलीय ते शोधायचं. म्हशीच्या तीस कागदांत माझी एक रेषा बावीस ठिकाणी सापडली: उजवीकडून सैल खाली लोंबणारी, आणि डाव्या टोकाला एकदम उसळून वर जाणारी. पोट आणि मान, दुसरं काय. पण कागद उलटे करून बघितले तेव्हा ती नांगराला ताणलेल्या दोराची रेषा दिसली, भरतीला होडी मागे ओढते तेव्हाची. तेव्हा मला कळलं की ही रेषा म्हशीची कमी आणि माझी जास्त आहे. तुमची वेगळी निघेल. अशी एक-दोन रेषा हेरा, त्याच जागी उभं राहून हवेत हाताने वीस-पंचवीस वेळा फिरवा, आणि मग सगळे कागद कपाटात बंद करा. रंगवताना ते समोर नकोत. समोर ठेवलेत की तुम्ही नक्कल कराल, मी केलीय.

रंग मी इनॅमल वापरतो, कारण घरात डबे पडलेले असतात. याची मला बरीच वर्षं लाज वाटायची. वाटायचं खरे चित्रकार ट्यूबमधलेच रंग वापरतात. मग कळलं की प्रभाकर बरवे, जन्म 1936, आपल्या शेजारच्या नागावचे, करमरकरांच्या नात्यातलेच, कॅनव्हासवर इनॅमलने रंगवायचे. त्या दिवसापासून डबे लपवणं बंद केलं. (बरव्यांची चित्रं मी म्हणतो तशी निव्वळ अमूर्त नाहीत, त्यांत पान, घड्याळ अशा वस्तू असतात. पण दोन वस्तूंमधली मोकळी जागा कशी धरायची ते बघायचं तर त्यांच्याकडे बघा.) तुम्ही नवे असाल तर ॲक्रिलिक घ्या. वास नाही, अर्ध्या तासात सुकतं, पाण्याने हात धुता येतात.

इनॅमलच घेणार असाल तर दोन फूट बाय दोन फूट प्लायचा तुकडा, त्यावर प्रायमरचे दोन हात, प्रत्येक हात सुकल्यावर पॉलिश पेपर. कागदावर इनॅमल नको, तेल कागद खातं. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. पहिला थर टर्पेंटाईनने पातळ करून, आणि रात्रभर सुकू द्या. पावसाळ्यात दोन रात्री. खालचा थर ओला असताना वर जाड रंग चढवलात तर साईवर पडतात तशा सुरकुत्या पडतात, त्या नंतर घासूनही जात नाहीत.

रंग तीनच. म्हशीचं चित्र मी राखाडी, होडीचा निळा आणि गेरू एवढ्यांत केलं. आधी पूर्ण प्लाय मळकट पांढरा. सुकल्यावर उभं राहून, तीन इंची ब्रशने, ती रेषा एका दमात राखाडीत मारली. हात थरथरला, ब्रश मधेच कोरडा पडला आणि रेषेच्या पोटात केस विस्कटल्यासारखे फराटे उठले. बोर्ड असता तर पुसून पुन्हा मारली असती. इथे पुसायचं नाही हा एकच कडक नियम. आवडलं नाही तर वरून काहीतरी करायचं. प्लाय एक चतुर्थांश फिरवला, तीच रेषा निळ्यात, थोडी आखूड. पुन्हा फिरवला. दोन रेषांमधे कोपऱ्यात एक चिंचोळी जागा घुसमटत होती, ‘र’ आणि ‘क’ चिकटल्यासारखी. तिथे पांढरा भरून ती रुंद केली. एवढ्या एका कामाला संध्याकाळ गेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं हा माणूस नुसता उभा आहे.

तिसऱ्या दिवशी शेजारची मुलगी दारातून बघून म्हणाली, ‘काका, म्हस हाय ना ही?’ तिचं बरोबर होतं. वर डाव्या कोपऱ्यात गेरूचा एक बाक आला होता, तो शिंगासारखाच. मला तो फार आवडला होता, म्हणून तर दोन दिवस मी तिकडे काणाडोळा करत होतो. अशा वेळी आवडता तुकडाच जातो. त्यावर पसरट राखाडी ओढला, गेरूची फक्त कडा बोटभर राहू दिली. मुलीला पुन्हा बोलावलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘काहीतरी जड हाय.’

थांबायचं कधी, हे सगळेच विचारतात. मी चित्र रात्री भिंतीला उलटं लावून ठेवतो आणि सकाळी चहाच्या आधी, डोळे बारीक करून, एकदाच बघतो. डोळे बारीक केले की बारकावे जातात आणि गडद-फिकट असे दोन-तीनच तुकडे उरतात. त्यांतला एखादा घसरतोय किंवा फुगतोय असं वाटलं तर काम बाकी आहे. काहीच वाटलं नाही तर ब्रश टर्पेंटाईनमध्ये धुवायचे. चहा झाल्यावर बघू नका, चहानंतर माणूस सुधारणा करायला लागतो.

बोर्डाच्या कोपऱ्यात पेंटर आपलं नाव आणि फोन नंबर टाकतो, सवयीने मी पहिल्या चित्रावर तोही टाकला होता. आता प्लायच्या पाठीमागे लिहितो: तारीख, कुठलं शिल्प, किती सेकंदांचं रेखाटन. वरची बाजू कुठली ते लिहीत नाही. म्हशीचं चित्र बायकोने स्वयंपाकघरात आडवं लावलंय, खिळा तिथेच होता म्हणून.