हिवाळ्यात शेळ्यांचा फुफ्फुसदाह: इंजेक्शनाआधी वजन मोजा

थंडीचा कडाका वाढला की शेडला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली जाते आणि तिथूनच दुखण्याला सुरुवात होते. मुतातला अमोनिया आत कोंडतो, श्वासनलिकेच्या अस्तराला इजा होते आणि एरवी नाका-घशात निमूट राहणारे पाश्चुरेला व मॅनहीमिया हे जिवाणू फुफ्फुसात उतरून फुफ्फुसदाह म्हणजे न्यूमोनिया करतात. पहाटे शेडमध्ये शेळीच्या तोंडाच्या उंचीवर उकिडवे बसून बघा; डोळे चुरचुरले तर हवा बिघडली आहे. ताडपत्री वाऱ्याच्या बाजूने शेळीच्या पाठीच्या थोडे वरपर्यंतच बांधावी, छपराखाली फूटभर फट मोकळी ठेवावी. मोठ्या शेळीला 10 चौरस फूट जागा हवी आणि बसायला कोरडे हवे.

शेळी कळपामागे रेंगाळते, चारा सोडते, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येतो. ती विसावलेली असताना कुशीची हालचाल मोजावी. मिनिटाला 15 ते 30 श्वास ठीक. त्याहून बरेच जास्त आणि ताप 104 अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. तोंडात फोड आणि सोबत हगवण असेल तर पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथरोगाचा संशय धरावा. तो विषाणूमुळे होतो आणि विषाणू प्रतिजैविकाने (अँटिबायोटिकने) मरत नाही. त्याची लस करडू चार महिन्यांचे झाल्यावर टोचून घ्यावी.

सगळ्यात मोठी चूक डोसात होते. नजरेने 20 किलोची वाटलेली शेळी बऱ्याचदा 28 किलोची निघते. टेपने पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलो. घेर 28 आणि लांबी 24 असेल तर साडेअठ्ठावीस किलो. डॉक्टरांनी दीर्घ परिणामाचे 200 मिलिग्रॅम प्रति मिलीचे ऑक्सिटेट्रासायक्लिन लिहिले, तर नेहमीचा डोस 10 किलोला 1 मिली. म्हणजे या शेळीला जवळजवळ 2.9 मिली हवे. अंदाजाने 2 मिली गेले. एवढ्याशा औषधात दुबळे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास कळपात पसरते. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेली इंजेक्शने चुकवली तरी हेच घडते.

दुसरी गफलत औषध निवडताना होते. सांसर्गिक फुफ्फुसदाह (सीसीपीपी) मायकोप्लाझ्मामुळे होतो. या जिवाणूला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीचे कठीण कवच, नसतेच आणि पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रिअॅक्झोन ही औषधे नेमकी भित्तिकेवरच घाव घालतात. महागडी बाटली संपते, शेळी मात्र खोकतच राहते. शेजाऱ्याकडची उरलेली बाटली म्हणूनच वापरू नका. पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन एकत्रही टोचू नका: पेनिसिलिनला वाढणारे जिवाणू लागतात आणि टेट्रासायक्लिन ती वाढच थांबवते.

48 तासांत ताप हलला नाही तर स्वतःहून औषध बदलू नये. खरे तर नाकातल्या स्रावाचा नमुना पहिल्या इंजेक्शनाआधीच घ्यायला हवा. नंतर घेतला तर प्रयोगशाळेत बहुधा काही वाढत नाही. नमुना बर्फावर ठेवून डॉक्टरांमार्फत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवावा आणि 'संवेदनशीलता तपासणी' (कोणत्या औषधाने जिवाणू मरतो ते बघणे) असे स्पष्ट लिहावे. मायकोप्लाझ्माचा संशय वेगळा कळवावा, कारण तो प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या साध्या माध्यमावर वाढत नाही.

पाजण्याचे औषध देताना मान वर ताणू नका, औषध श्वासनलिकेत जाते आणि त्यानेही फुफ्फुसदाह होतो. प्रत्येक शेळीला नवी सुई वापरावी, इंजेक्शन मांडीऐवजी मानेच्या स्नायूत द्यावे. बाजारातून आणलेली शेळी किमान 21 दिवस वेगळी बांधावी, तिची पाण्याची बादलीही वेगळी असावी.

इंजेक्शनाची तारीख, औषध आणि मिली वहीत लिहावे. बाटलीवर वेगळी मुदत दिलेली नसेल तर शेवटच्या इंजेक्शनानंतर किमान 7 दिवस दूध आणि 28 दिवस मांस माणसांच्या खाण्यात जाऊ देऊ नये. बोकड विकायला काढताना आधी ती वही उघडून बघावी.