टाकीला जोडून एअरगन चालवताना रेग्युलेटर कसा निवडावा

पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या एअरगनमध्ये 200 बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) हवा भरायची, तीसएक छर्रे मारायचे आणि गेजचा काटा खाली आला की पुन्हा भरायला उठायचे, या क्रमाला कंटाळलेला माणूस कधी ना कधी बंदूक थेट दाबाच्या हवेच्या टाकीलाच जोडून ठेवण्याचा विचार करतो. बाकावर बसून निरनिराळे छर्रे पारखायचे असतील किंवा दुर्बीण शून्यावर आणायची असेल, तर ही सोय खरोखरच मोलाची आहे, कारण प्रत्येक छर्र्यामागे दाब तोच राहतो आणि कागदावरच्या छिद्रांचा अर्थ लावणे सोपे जाते. मात्र टाकीत 300 बार आणि बंदुकीची मर्यादा 200 बार असते, तेव्हा त्या दोहोंमध्ये उभा असलेला, दाब उतरवून ठरल्या आकड्यावर ठेवणारा रेग्युलेटर हाच या साऱ्या जोडणीचा जबाबदार भाग ठरतो. 300 बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे तीन क्विंटलांचा भार. नखाएवढ्या जागेवर माळव्यातल्या गव्हाची तीन मोठी पोती रचल्यासारखेच ते आहे.

खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या बंदुकीला नेमका किती दाब हवा, हे ठरवावे. बंदुकीच्या आत स्वतःचा रेग्युलेटर असेल आणि तो, समजा, 120 बारला लावलेला असेल, तर बाहेरून 145 ते 150 बार पुरेसे होतात. त्याहून अधिक दिल्याने काहीच साधत नाही. आत रेग्युलेटर नसेल, तर छर्र्याचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोर बसून पूर्ण भरलेल्या बंदुकीतून सलग छर्रे मारावेत आणि प्रत्येकाचा वेग व त्या वेळचा दाब वहीत टिपून घ्यावा. अशा बंदुकीत 200 बारला वेग बहुधा कमी असतो, कारण आतला दाबच झडपेला पुरते उघडू देत नाही. दाब उतरू लागला की वेग चढतो, काही काळ सपाट राहतो आणि मग घसरतो. त्या सपाट भागाचा मध्य हा आपला आकडा. माझ्या बंदुकीत तो सपाट भाग 165 पासून 135 बारपर्यंत निघाला, म्हणून मी बाहेरचा रेग्युलेटर 150 ला बांधला.

इथे कायद्याचा एक मुद्दा सहज निसटतो. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंत व्यासाची नळी आणि 20 ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. 0.54 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 250 मीटर वेगाने गेला, तर ऊर्जा सुमारे 17 ज्यूल भरते, पण तोच 280 मीटरने गेला की ती 21 ज्यूलांच्या पुढे जाते. दाब कमी केल्यावर वेग वाढू शकतो, हे वर सांगितलेच आहे. म्हणून नवा आकडा बांधल्यानंतर क्रोनोग्राफची तपासणी पुन्हा करणे भाग आहे.

आकडा हाती आला की बाजारातल्या निम्म्याहून अधिक वस्तू आपोआप बाद होतात. पाणबुड्यांच्या (स्कूबा डायव्हिंगच्या) टाकीवरचा रेग्युलेटर पहिल्या टप्प्यात दाब दहाएक बारवर आणतो, त्यामुळे तो कितीही भारी असला तरी आपल्या उपयोगाचा नाही. पेंटबॉलच्या बाटलीवरचा नेहमीचा रेग्युलेटर 850 पीएसआय, म्हणजे सुमारे 59 बार देतो; त्याच्या जास्त दाबाच्या आवृत्त्या मिळतात, पण घेताना बाहेर पडणाऱ्या दाबाचा पल्ला लेखी पाहावा, कारण दुकानदार बहुतेक वेळा टाकीकडच्या बाजूचा मोठा आकडाच सांगतो. वेल्डिंगच्या कामाचे रेग्युलेटर इंदूरच्या सियागंज बाजारात ढिगाने दिसतात, तरी त्यांपैकी बहुतेकांचा बाहेरचा दाब आपल्या गरजेच्या जवळपासही येत नाही. ऑक्सिजनचे सिलिंडर तर या कामात कधीही वापरू नये: दाबाखालचा ऑक्सिजन आणि बंदुकीतले वंगण एकत्र आले की आग किंवा स्फोट होऊ शकतो. कोरडी हवा किंवा नायट्रोजन, एवढे दोनच पर्याय आहेत.

आता निवडीच्या मुख्य कसोटीकडे येतो, आणि ती म्हणजे रेग्युलेटर बंद अवस्थेत किती घट्ट राहतो. रेग्युलेटरमधला दट्ट्या एका छोट्या सीटवर टेकून हवा अडवतो. सीटवर बारीक ओरखडा किंवा धुळीचा कण असला, तरी हवा तिथून पाझरत राहते आणि बंदुकीकडचा दाब मुंगीच्या पावलांनी चढतो. छर्रे मारत असताना हे कळत नाही, कारण चढलेला दाब पुढच्या छर्र्याबरोबर खर्च होतो. मी स्वस्तात घेतलेल्या पहिल्या रेग्युलेटरने मला हे शिकवले. महूच्या वाटेवर एका स्नेह्याच्या शेतावर आम्ही बसलो होतो. काटा 150 वर ठेवून चहाला गेलो, आणि अर्ध्या तासाने परतलो तेव्हा तोच काटा 190 वर थरथरत उभा होता. विकणाऱ्याने ‘थोडे सेट व्हायला वेळ लागतो’ असे सांगितले. सीट उघडून पाहिली तर तिच्यावर पितळेचा एक कीस रुतलेला होता. आणखी काही वेळ गेला असता, तर बंदुकीची मर्यादा ओलांडली गेली असती.

म्हणून माझ्या मते दोन गोष्टींसाठी जास्तीचे पैसे निःसंकोच द्यावेत. एक, कमी दाबाच्या बाजूला स्वतंत्र सुरक्षा झडप किंवा फुटणारी चकती, जी बंदुकीच्या कमाल दाबाला किंवा त्याच्या जरा आधीच मोकळी होईल. टाकीकडच्या बाजूची चकती या कामी येत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दुसरी, टाकीकडच्या तोंडाशी धातूची बारीक गाळणी. सीट आणि ओ-रिंगांचे (रबरी कड्यांचे) सुटे भाग मिळत नसतील, तर तो रेग्युलेटर दिसायला कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

हवेच्या प्रवाहाची चर्चा लोक फार करतात, पण बंदुकीचे स्वतःचे नळकांडे जोडलेले असेल, तर ते नळकांडेच हवेचा साठा पुरवते आणि दोन छर्र्यांमधल्या वेळात बारीक नळीतूनही ते पुन्हा भरते. टाकी उतरत जाते तसा बाहेरचा दाब किंचित सरकतो, हे मात्र खरे आहे. काही रचनांत तो वाढतो, काहींत घटतो. दोन टप्प्यांचा रेग्युलेटर ही चूक जवळजवळ मिटवतो, पण त्याची किंमत पाहता, बंदुकीत आतला रेग्युलेटर असणाऱ्याने त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

आकडा जितका खाली, तितकी टाकी जास्त पुरते. 6.8 लिटरची टाकी 300 बारपासून 150 पर्यंत वापरता आली, तर साध्या हिशेबाने 1020 लिटर हवा मिळते. 300 बारला हवा प्रत्यक्षात दहाएक टक्के कमी मावते, म्हणून 800 धरू. 200 घन सेंटिमीटरचे नळकांडे तीस छर्र्यांत 60 बार उतरत असेल, तर एका छर्र्याला 0.4 लिटर हवा लागते, म्हणजे एका टाकीत सुमारे दोन हजार छर्रे झाले.

गेजच्या बाबतीत बारीकसारीक कंजुषी करू नये. 400 बारच्या छोट्या गेजवर 2.5 टक्क्यांची चूक मान्य असेल, तर ती 10 बार होते, आणि आपल्या आकड्यासाठी हा फरक मोठा आहे; बंदुकीकडच्या बाजूला 250 बारचा, शक्य तितक्या मोठ्या तबकडीचा गेज लावावा. आट्यांचीही खात्री करावी. टाकीची 300 बारची डिन (जर्मन मानकाची) जोडणी सात आट्यांची आणि 232 बारची पाच आट्यांची असते, तर काही छोट्या टाक्यांवर एम 18 चे आटे येतात. एक अष्टमांश इंचाच्या बीएसपी आणि एनपीटी या दोन जाती दिसायला जुळ्या असतात, पण एकीत इंचाला 28 आटे आणि दुसरीत 27. पान्याने जोर लावून बसवलेली अशी जोडी दाबाखाली कधी सुटेल, याचा नेम नसतो. सांवेर रोडवरच्या एखाद्या दुकानात हायड्रॉलिकची नळी कापून टोके दाबून मिळेल, पण ती तेलासाठी आणि जाड असते. उच्च दाबाच्या हवेसाठी बनवलेली बारीक नळीच घ्यावी, आणि तीही दाबाखाली ताठ होऊन बंदुकीचे तोंड ओढते, म्हणून बाकावर तिला सैल वळण द्यावे. टाकी जमिनीवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी अडवावी.

इंदुरात समुद्र नाही आणि पाणबुड्यांची दुकानेही नाहीत, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या टाक्या छोट्या कॉम्प्रेसरवर भरल्या जातात. पावसाळ्यात त्या हवेतला ओलावा रेग्युलेटरपर्यंत पोहोचतो, तेव्हा ओलावा शोषणाऱ्या गाळणीचा माल वेळेवर बदलावा. उन्हाळ्यात, 25 अंशांना 200 बार भरलेली टाकी बंद गाडीत 55 अंशांपर्यंत तापली की 220 बार दाखवते, म्हणून ती गाडीत ठेवून जाऊ नये. टाकीच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख उलटून गेली असेल, तर रेग्युलेटरचा विचार बाजूला ठेवून आधी टाकीची चाचणी करून घ्यावी. या सिलिंडरांचे नियम पाहणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

नवा रेग्युलेटर घरी आल्यावर बंदूक लगेच जोडू नये. बाहेरचे तोंड बंद करून, डोळ्यांवर चष्मा लावून, टाकीची झडप अगदी सावकाश उघडावी, कारण झटक्याने आत शिरलेली हवा तापते आणि सीट बिघडवते. काट्याचा आकडा लिहून ठेवावा, साबणाचे पाणी लावून सांधे पाहावेत आणि तासाभराने काटा पुन्हा वाचावा. पाच बारांपेक्षा जास्त फरक दिसला, तर मी तो रेग्युलेटर परत करतो. दाब कमी करायचा असेल, तेव्हा नुसता स्क्रू सैल करून भागत नाही. बंदुकीच्या तोंडाशी एकदिशा झडप असल्यास आत गेलेली हवा मागे येत नाही, ती छर्रे मारूनच उतरवावी लागते. काम संपले की आधी टाकी बंद करावी, मग नळीतली हवा ब्लीड स्क्रूने (हवा सोडण्याच्या स्क्रूने) सोडावी, आणि काटा शून्यावर आल्यावरच जोड सोडवावा.