गोदाकाठी कुत्र्याला फिरवताना: माश्या आणि गोचीड

पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर धरणाकडे किंवा गोदाकाठच्या गवतात नेण्याआधी कुत्र्याच्या कानांची टोकं बघा. चावऱ्या माश्या तिथंच रक्त पितात. काळी खपली दिसली तर ती उपटू नका. माणसांचं डीटवालं (डास-माश्या पळवणाऱ्या रसायनाचं) क्रीम अजिबात लावू नका, कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते. परमेथ्रिन या कीटकनाशकाचा, कुत्र्यांसाठीच बनवलेला स्प्रे कुत्र्याला चालतो, पण मांजराला घातक, म्हणून घरात मांजर असेल तर टाळाच.

परतल्यावर बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, पट्ट्याखाली, जांघेत चाचपा. गोचीड बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल ओतू नका, पिळूही नका. तोंड आत तुटतं. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका. पुढच्या २-३ आठवड्यांत ताप, पांढुरक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं, तर लगेच पशुवैद्याकडून रक्ततपासणी करून घ्या.