नागपुरात जुनी व्हॅन घेऊन येताय? आधी हे वाचा

रत्नागिरीहून नागपुरात येऊन मला १८ वर्षं झाली. आपल्याकडचं कुणी बदली होऊन आलं की पहिला फोन मला येतो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

घर बघताना वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत टाळा. कूलर मार्चमध्येच आणून ठेवा. तर्री पोह्यांवरची तर्री पहिल्या दिवशी बेतानेच घ्या. बाकी इथली माणसं सांभाळून घेतात. झालं.

आता गाडी. निम्मे जण गावाकडची जुनी व्हॅन बरोबर आणतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्यांची एकच रड: सकाळी एका चावीत चालू, दुपारी नुसतं 'टक्'. अर्ध्या तासाने परत चालू, जणू काही झालंच नव्हतं. मग आपल्या मंडळींचा ठरलेला सल्ला येतो, "बॅटरी गेली असेल, बदलून टाका." इथल्या उन्हात बॅटऱ्या लवकर मान टाकतात हे खरं. आपल्या लोकांना सल्ल्याची हौस आणि मोजायचा कंटाळा, हेही खरं.

मी बदलल्या ना! एका उन्हाळ्यात दोन बॅटऱ्या आणि एक अख्खा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर. १७ हजार गेले. गॅरेजात नेली की गाडी शहाण्या मुलासारखी चालू व्हायची. मेकॅनिक म्हणायचा, "ताई, हिला काहीच तर नाही झालं."

तेव्हा मी मेडिकल कॉलेजच्या मुलांना डबे पोचवायचे. मे महिना, मेडिकल चौक, बाहेर ४४ अंश, मागे ३२ डबे आणि चावी फिरवली की टक्. दोन पोरं धक्का मारायला आली होती, तेवढ्यात शेजारच्या काकाजींना फोन लागला. अजनीच्या लोको शेडमधून रिटायर झालेला माणूस. नागपूरकर ठरलेल्या वेळेला कधी येणार नाही, पण अडलं म्हटलं की जेवता उठून येतो. स्कूटरवर व्होल्ट मोजायचं मीटर घेऊन हजर. पोरांना म्हणाले, "धक्का नका मारू रे. बिघडून आहे तोवरच पाहून घेऊ."

मला वर्षभर हेच सुचलं नव्हतं. अधूनमधून येणारा फॉल्ट तो हजर असतानाच मोजायचा असतो. धक्का मारून गाडी चालू केली की पुरावाही गेला.

त्यांनी पुढची सीट उचलली. बॅटरीवर मीटर लावलं, १२.५ व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरलेली. मग मीटरच्या एका वायरीचं टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीवर, तिला आवळणाऱ्या वायरीच्या क्लॅम्पवर नव्हे, थेट खुंटीवर. दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. "वहिनी, मारा सेल्फ." मारला. टक् झालं आणि मीटरवर ७ च्या पुढचा आकडा आला. तिथे फार तर ०.२ दिसायला हवा. १२ पैकी ७ व्होल्ट वाटेतच गळत होते, सेल्फ बिचारा काय करणार? काकाजींनी जंपर केबल काढून एक टोक काळ्या खुंटीला, दुसरं इंजिनला लावलं. चावी फिरवली, भर्रकन चालू.

दोष अर्थिंगच्या वायरीत होता, म्हणजे बॅटरीच्या काळ्या खुंटीपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या वायरीत. वरून काळी, छान, धडधाकट दिसायची. बोल्ट काढला तर खाली हिरवा चुरा. रत्नागिरीचं खारं वारं आमच्याबरोबर नागपुरात आलं होतं. इथे इंजिन तापलं की तो अर्धमेला सांधा करंट सोडेना. नवी वायर टाकली, तीही सेल्फच्या वायरीइतकी जाड, आणि खालचं लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत घासलं. त्यानंतर आजतागायत तक्रार नाही.

म्हणून गाडी अडली की आधी आवाज ऐका. टकटकटक असं भराभर वाजलं तर बॅटरी उतरलेली किंवा क्लॅम्प ढिला. एकच टक् आणि हेडलाइट तसेच लख्ख, तर अर्थिंग, सेल्फची जाड वायर किंवा सेल्फच्या आतले कॉन्टॅक्ट. काहीच आवाज नाही तर फ्यूज, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), इग्निशन म्हणजे चावीचा स्विच. रिलेचा संशय असेल तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघा, फुकटात कळतं. बॅटरीवर मीटर लावल्यावरचे व्होल्टचे आकडे चारच ध्यानात ठेवा: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास, १२ च्या खाली म्हणजे रिकामी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४.

साधं मीटर घ्याच. नव्या बॅटरीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

आणि हे तीनदा वाचा: सेल्फच्या टोकांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून तो फिरवणारे कलाकार इथेही आहेत, आपल्यातही आहेत. गाडी गिअरमध्ये असेल तर उडी मारते. तपासताना न्यूट्रल आणि हँडब्रेक, दोन्ही. बॅटरी काढताना आधी काळी वायर, मग लाल. लावताना आधी लाल. उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर काय होतं, ते माझ्या दहा नंबरच्या पान्याच्या वितळलेल्या तोंडावर अजून दिसतं.