रस्त्यात गेलेली जमीन : हद्द तपासण्यापासून मोबदल्यापर्यंत काय करावे

आमच्या गावचा रस्ता रुंद झाला तेव्हा बांधावरचा हद्दीचा दगड जेसीबीने पहिल्याच दिवशी उचलला. वडील रानात पोचेपर्यंत मुरूम पडला होता. "काम सरकारी हद्दीतच चाललंय," असं मुकादम म्हणाला आणि आम्ही ते खरं मानलं. अकरा वर्षांनी वाटणीसाठी मोजणी आणली. तेव्हा कळलं की आमचे सहा गुंठे रस्त्याखाली आहेत आणि ते संपादित केल्याचा एकही कागद कुठल्याच कार्यालयात नाही.

पुढे कार्यालयांच्या पायऱ्या चढताना जे शिकलो, ते क्रमाने लिहितो. हे सगळं महाराष्ट्रातल्या शेतजमिनीला धरून आहे. गावठाण आणि शहरातल्या जागेला मिळकत पत्रिका असते, तिथले कागद वेगळे.

१. भांडणाआधी कागद गोळा करा

सातबारा जमीन किती आहे ते सांगतो. ती कुठून कुठपर्यंत आहे हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. हद्द ठरते भूमी अभिलेखाच्या नकाशांवरून. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून या नकला मागा : गाव नकाशा, आपल्या गटाचा नकाशा, मूळ सर्व्हे नंबरचं टिपण (मोजणीच्या वेळी काढलेला मापांचा कच्चा नकाशा), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब), पोटहिस्सा असेल तर त्याच्या मोजणीचे कागद म्हणजे फाळणी नकाशा आणि फाळणी बारा, आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि आकाराची नोंदवही), आणि आजवर झालेली सगळी कमी-जास्त पत्रकं (क्षेत्रात झालेल्या बदलांची पत्रकं). तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने सातबारे आणि फेरफार काढा. बरेच जुने अभिलेख आता स्कॅन होऊन ऑनलाइनही मिळतात.

यातलं टिपण सगळ्यात मोलाचं. इंग्रजी अमदानीत १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी जी मोजणी बसवली, तिच्याच पद्धतीने पुढे मुंबई इलाख्यात शेतं मोजली गेली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळी लांब, साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. टिपणावरचे आकडे याच साखळी-आण्यांत असतात. एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडं जास्त. एवढं माहीत असलं की घरच्या टेपनेही रस्त्याकडेची बाजू ढोबळ ताडून पाहता येते.

मग तीन आकडे शेजारी मांडा : सातबाऱ्यावरचं क्षेत्र, आकारबंदातलं क्षेत्र आणि नकाशावरून निघणारं क्षेत्र. ते जुळत नसतील तर चूक कधी शिरली ते मागे मागे जात शोधा. माझ्या पाहण्यात बहुतेक चुका दोन वेळी शिरल्या आहेत. एक, १९४७ च्या कायद्याखाली जमिनींचं एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हा. योजनेत एक लिहिलं आणि वहिवाट दुसरीकडेच राहिली अशी किती तरी गावं आहेत. दुसरी वेळ, एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर करताना किंवा हस्तलिखित सातबारा संगणकात चढवताना. त्यात १२ आरचे २१ आर होतात.

पोटखराब्याकडेही, म्हणजे गटातल्या लागवडीस अयोग्य लिहिलेल्या जमिनीकडेही, नीट बघा. 'वर्ग ब' पोटखराबा म्हणजे नाला, रस्ता अशा सार्वजनिक वापराखालची, आकारणी न झालेली जमीन. आपल्या गटात असा पोटखराबा आधीपासून लिहिलेला असेल तर रस्ता जुनाच असण्याची शक्यता आहे. ते मोजणीआधी कळलेलं बरं.

२. नकाशावरचा रस्ता वाचायला शिका

गाव नकाशात सलग दुहेरी रेषेने दाखवलेल्या रस्त्याचं क्षेत्र सहसा लगतच्या नंबरांतून आधीच वेगळं काढलेलं असतं. तुटक रेषांनी दाखवलेली गाडीवाट किंवा पायवाट मात्र मालकाच्या क्षेत्रातूनच जाते. ती लोकांना जाण्यायेण्यासाठी खुली ठेवावी लागते, पण तिच्याखालची जमीन सातबाऱ्यावर आपल्याच नावे असते. अशी गाडीवाट रुंद करून डांबरी रस्ता झाला की वाढलेली रुंदी कोणाच्या जमिनीतून आली, हा प्रश्न उरतोच.

"रस्त्याच्या मध्यापासून इतके मीटर सरकारचे" हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. रस्त्यापासून ठरावीक अंतरावर आखलेल्या इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा बांधकामावर बंधन घालतात. त्यांच्यामुळे जमिनीची मालकी सरकारकडे जात नाही. हे पाठ करून ठेवा, फार कामाला येतं.

३. हद्द कायम मोजणी आणा

अर्ज ई-मोजणीतून करता येतो. फी क्षेत्रावर आणि नियमित की द्रुतगती यावर ठरते. अर्जात लगतच्या सर्व धारकांची नावं द्या. रस्त्याकडेच्या बाजूला ज्या खात्याचा रस्ता आहे त्या खात्यालाही लगतदार म्हणून दाखवा, म्हणजे त्यांना नोटीस जाईल. आम्ही पहिल्या अर्जात हे केलं नाही. "आमच्या अपरोक्ष मोजणी झाली" एवढ्या एका कारणावर आमचा नकाशा बाजूला ठेवला गेला आणि मोजणीची फी दुसऱ्यांदा भरावी लागली.

मोजणीच्या दिवशी खुणांचे दगड, गडी आणि कुदळ तयार ठेवा. भूकरमापकाला मूळ टिपणाची नक्कल स्वतः दाखवा आणि मोजणी कोणत्या अभिलेखावरून करता ते विचारा. नकाशावर अभिलेखाप्रमाणेची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट या दोन्ही रेषा आल्या पाहिजेत आणि त्यांच्यामधलं क्षेत्र आकड्यात लिहिलं गेलं पाहिजे. तो आकडाच पुढच्या प्रत्येक अर्जाचा पाया असतो. मोजणी पटली नाही तर जबाबात तसं स्पष्ट लिहून मगच सही करा. शेवटी मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते, ती जपा. निकाल मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडे निमताना मोजणी, म्हणजे पहिल्या मोजणीची फेरतपासणी, मागता येते.

४. चूक कुठली, त्याप्रमाणे दार ठोठवा

लिहिण्यातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. मालकीचा वाद मात्र त्या कलमात मिटत नाही. एकत्रीकरणातली चूक असेल तर भूमी अभिलेख खात्याकडे जा, पण लवकर. योजनेत फार वर्षांनी बदल करायला न्यायालयं हरकत घेतात. शेजाऱ्याने बांध कोरला असेल तर दिवाणी न्यायालय, आणि तिथे बारा वर्षांची मुदत डोळ्यांसमोर ठेवा. शेजाऱ्याचा ताबा 'विरुद्ध', म्हणजे आपल्या हक्काविरुद्ध उघडपणे ठेवलेला, ठरून बारा वर्षं उलटली की हक्कच जाऊ शकतो.

उलटही घडतं. आपल्यालाच "सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलं" म्हणून त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ५० ची नोटीस येते. ती पेटीत ठेवू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या आणि ज्या मोजणीवरून नोटीस काढली तिची प्रत मागा. जमीन सरकारची की आपली असाच वाद असेल तर कलम २० खाली जिल्हाधिकाऱ्यांची चौकशी होते. तो आदेश विरुद्ध गेला तर दिवाणी दाव्याला एकच वर्ष मिळतं.

५. सरकारकडे कागद मागा

रस्ता आपल्या हद्दीत निघाला की माहिती अधिकारात संबंधित बांधकाम खात्याकडे आणि भूसंपादन कार्यालयाकडे वेगवेगळे अर्ज करा. गट नंबरासोबत जुना सर्व्हे नंबरही लिहा, नाहीतर "माहिती आढळत नाही" असं उत्तर येतं. संपादनाच्या अधिसूचनेची प्रत, संयुक्त मोजणीचा (संपादनासाठी खाती मिळून करतात त्या मोजणीचा) नकाशा, निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश), मोबदला दिल्याची पावती, ताबा पावती आणि कमी-जास्त पत्रक एवढं नेमकं मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. "अभिलेख उपलब्ध नाही" हे लेखी उत्तर आलं तर ते जिवापाड सांभाळा. संपादन झालंच नाही हे दाखवायला आमच्याकडे तोच सर्वात मोठा आधार होता.

या काळात कोणी संमतीपत्रावर सही मागितली तर 'विनामोबदला' हा शब्द शोधा. कोऱ्या कागदावर तर सही करूच नका, मागणारा गावचा, ओळखीचा असला तरी.

६. संपादन झालेलं नसेल तर

जिल्हाधिकारी आणि खात्याला 'क' प्रत जोडून लेखी मागणी करा : एक तर जमीन परत करा, नाहीतर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने रीतसर संपादन करून मोबदला द्या. दिवाणी दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. संपादन झालंच नाही हे कागदावरून उघड असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे. जमिनीचा वकील गाठा आणि सगळी फाईल तारखेप्रमाणे लावून न्या.

आधार भक्कम आहे. संविधानाचा अनुच्छेद ३००अ सांगतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये एका विधवेच्या जमिनीतून संपादन न करता रस्ता काढला गेला. सरकारने 'विरुद्ध ताब्याने' जमीन आपली झाल्याचा दावा केला. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि मोबदला द्यायला लावला. तेव्हा त्या बाई ऐंशीच्या घरात होत्या. आपल्याकडच्या औद्योगिक विकास महामंडळाविरुद्धच्या खटल्यातही, १९६४ च्या अधिसूचनेनंतर मोबदल्याविना गेलेल्या जमिनीबद्दल, २०१२ मध्ये न्यायालयाने केवळ उशिराच्या कारणावर शेतकऱ्यांना परत पाठवलं नाही. तरी या निकालांच्या भरवशावर थांबू नका. उशीर का झाला हे प्रत्येकाला सांगावं लागतं, आणि सांगणारी म्हातारी माणसं त्याआधीच निघून जातात. आमचे वडील गेले.

७. संपादनाची नोटीस आत्ता आली असेल तर

मग तुम्ही वेळेवर आहात. २०१३ च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचनेपासून साठ दिवसांत हरकत घेता येते आणि तीत क्षेत्राबद्दलही बोलता येतं. राष्ट्रीय महामार्ग असेल तर फक्त एकवीस दिवस. मृत खातेदाराचं नाव सातबाऱ्यावर असेल तर वारस नोंद त्याच आठवड्यात घाला.

संयुक्त मोजणीला घरातलं जाणतं माणूस दिवसभर हजर हवं. विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडं आणि त्यांचं वय, गोठा हे सगळं तिथेच लिहून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा. रस्त्याने रान दोन तुकड्यांत कापलं जात असेल तर उरलेल्या तुकड्याच्या नुकसानीची वेगळी मागणी नोंदवा. ती बहुतेक जण विसरतात.

मोबदल्यात बाजारमूल्य, ग्रामीण भागासाठी १ ते २ मधला गुणांक, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम असा हिशेब असतो. निवाड्यात प्रत्येक पायरी ताडा. निवाड्यातली लेखनाची चूक सहा महिन्यांत दुरुस्त होऊ शकते. या कायद्याखालच्या निवाड्यात रक्कम कमी वाटली तर कलम ६४ खाली संदर्भ अर्ज, म्हणजे प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवा असा अर्ज, करा. निवाड्यावेळी तुम्ही हजर असाल तर सहा आठवड्यांतच. रक्कम 'हरकत राखून' स्वीकारल्याचं लिहून द्या. थेट खरेदीचा देकार आला तर खरेदीखतात वाढीव मोबदला न मागण्याची अट आहे का ते सही करण्याआधी वाचा.

८. पैसे मिळाल्यावर सातबारा पुन्हा काढा

संपादन झालं की कमी-जास्त पत्रक होऊन गेलेलं क्षेत्रच सातबाऱ्यावरून कमी व्हायला हवं. आमच्या सहा गुंठ्यांचा निवाडा झाला आणि इतर हक्कात सबंध गटावर रस्त्याचा शेरा चढला. पीककर्ज अडलं. कलम १५५ चा अर्ज, निवाड्याची प्रत आणि 'क' प्रत घेऊन पुन्हा तहसील गाठली आणि चार महिन्यांनी शेरा दुरुस्त झाला. मग बांधाच्या नव्या जागी दगड रोवला आणि त्याचा फोटो फाईलला लावला.