पाच वाट्या, सहावी वाटी आणि डी-ब्लॉक

दिवाळीच्या सुट्टीनंतर बारावीची मुलं सदाशिव पेठेतल्या माझ्या घरी डी-ब्लॉकचा, म्हणजे आवर्तसारणीच्या मधल्या भागातल्या स्कँडियम ते जस्त अशा धातूंचा, धडा घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, दहाही मूलद्रव्यांची इलेक्ट्रॉन संरूपणं पाठ करायची का?" त्यातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. 'संक्रामक मूलद्रव्ये' हा शब्द, म्हणजे ढोबळमानाने हेच डी-ब्लॉक, त्यांना नववी-दहावीपासून माहीत असतो, पण तेच इंग्रजीत समोर आलं की ती घाबरतात आणि पाठांतराला लागतात. माझं त्यांना एकच सांगणं असतं. यादी पाठ करू नका, हाताने मोजायला शिका. मोजता आलं की रंग, चुंबकत्व, ऑक्सिडेशन स्टेट (ढोबळमानाने, अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले तो +२, +३ असा आकडा) हे सगळं त्याच मोजणीतून निघतं.

साहित्य घरातलंच. एकसारख्या पाच वाट्या ओळीत मांडा, या ३डी, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या पाच जागा (ऑर्बिटल), एकीत जास्तीत जास्त दोन मावतात. जरा बाजूला सहावी ठेवा, ती ४एस. मग चिंचोके घ्या आणि मधोमध फोडा. प्रत्येक अर्ध्याची एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी, पूर्वी सारीपाटाला फासे म्हणून वापरायचे तसे. एक अर्धा चिंचोका म्हणजे एक इलेक्ट्रॉन, पांढरी बाजू वर म्हणजे एक स्पिन, तपकिरी वर म्हणजे उलटा. बारा अर्धे पुरतात.

लोखंड घेऊ. अणुअंक २६. त्यातून आतल्या भरलेल्या कवचांचे, म्हणजे आरगॉनचे, १८ वजा केले की उरतात ८. दोन सहाव्या वाटीत टाका, एक पांढरा आणि एक तपकिरी. राहिले सहा. पाच वाट्यांत आधी एकेक पांढरा ठेवायचा. सगळ्या वाट्यांत एकेक पडल्याशिवाय कुठेही दुसरा टाकायचा नाही, हाच हुंडचा नियम. सहावा चिंचोका पहिल्या वाटीत तपकिरी बाजू वर करून ठेवा. झालं: ३डी(६) ४एस(२). मी इथे आकडा कंसात लिहिते आहे, तुम्ही वहीत तो डोक्यावर लिहा.

आता ज्या पायरीवर सर्वांत जास्त गुण जातात ती. फेरस आयन, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला लोखंडाचा +२, लिहायचा आहे. दोन इलेक्ट्रॉन कुठून काढणार? दर वर्षी अर्धा वर्ग ३डी मधून काढतो, कारण "जे शेवटी भरलं ते आधी निघणार" असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. आधी सहावी वाटी रिकामी करायची. ४एस हे बाहेरचं कवच आहे. पोटॅशियम आणि कॅल्शियममध्ये ४एस खालच्या ऊर्जेवर असतं हे खरं, पण पुढे केंद्रकाचा धनप्रभार वाढत जातो तसं ३डी आत ओढलं जातं, आणि धन आयनात तर ते ४एसच्या बरंच खाली असतं. म्हणून फेरस म्हणजे ३डी(६), सहावी वाटी रिकामी. फेरिक, म्हणजे +३, हवा असेल तर त्यानंतर ३डी मधला जोडीतला तपकिरी उचला. उरले पाच वाट्यांत पाच पांढरे. मी सहावी वाटी मुद्दाम बाजूला ठेवायला सांगते ती यासाठीच, हात आपोआप आधी तिच्याकडे जातो.

ते पाच पांढरे लक्षात ठेवा. हिराकस (फेरस सल्फेट) पाण्यात विरघळवून बाटली उघडी ठेवली तर फिकट हिरवं पाणी हळूहळू पिवळसर-तपकिरी होतं. हवेतला ऑक्सिजन फेरसचं फेरिक करतो, आणि त्या बदलाला मदत होते कारण सहावा इलेक्ट्रॉन गेला की ३डी नेमकं अर्धं भरलेलं उरतं. याच्या उलट मँगनीज +२ मध्ये आधीच पाच पांढरे असतात, म्हणून त्याला +३ व्हायचं नसतं. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, त्यामागेही हेच आहे: हिरड्यातल्या टॅनिनशी लोखंड बांधलं जातं, हवेत त्याचं +३ होतं आणि अक्षरं काळी पडत जातात.

दोन अपवाद आहेत. क्रोमियमचे १८ वजा जाता ६ उरतात. नियमाने ३डी(४) ४एस(२) यायला हवं, प्रत्यक्षात ३डी(५) ४एस(१) आहे. तांब्याचं ३डी(१०) ४एस(१). कारण विचारलं की सगळे म्हणतात "अर्धं भरलेलं स्थिर असतं." ते वाट्यांत पाहा. एकाच बाजूच्या चिंचोक्यांच्या किती जोड्या होतात ते मोजा. चार पांढरे असतील तर सहा जोड्या, पाच असतील तर दहा. अशा प्रत्येक जोडीमागे थोडी ऊर्जा वाचते. शिवाय सहाव्या वाटीत दोघांना एकत्र बसवण्याची ओढाताण टळते. पण याचा मंत्र करू नका. मी स्वतः पहिली काही वर्षं तो मंत्र म्हणूनच शिकवला. एका विद्यार्थ्याने विचारलं की टंगस्टन क्रोमियमच्याच गटात आहे, मग त्याचं ५डी(४) ६एस(२) कसं? मॉलिब्डेनम मात्र क्रोमियमसारखंच वागतं, ४डी(५) ५एस(१). पॅलेडियम तर ५एस पूर्ण रिकामं ठेवून ४डी(१०) करतं. अर्धं भरल्याचा फायदा खरा आहे, पण त्याच्यासमोर दुसरी ओढ असतेच, आणि पारडं कुठे झुकेल हे दर वेळी वेगळं ठरतं. त्या मुलाचं मी आजही मनापासून ऋण मानते.

जस्ताबद्दल चटकन. अणू असो की +२ आयन, पाचही वाट्या जोड्यांनी भरलेल्या, म्हणून काटेकोर व्याख्येने, जिच्यात ३डी अर्धवट भरलेलं असावं लागतं, ते संक्रामक नाही. तांबं आहे, कारण +२ मध्ये त्याच्याकडे ३डी(९) असतं.

ऑक्सिडेशन स्टेटची कमाल मर्यादाही वाट्या सांगतात. सहाव्या वाटीतले सगळे आणि ३डीतले एकटे, म्हणजे जोडीदार नसलेले, चिंचोके मिळवा: स्कँडियम ३, टायटॅनियम ४, व्हॅनेडियम ५, क्रोमियम ६, मँगनीज ७. पुढे ३डी आणखी आत ओढलं जातं, जोड्या पडू लागतात आणि वरच्या स्टेट मिळणं अवघड होतं. लोखंड बहुतेक वेळा +२, +३ वरच राहतं.

चुंबकत्वाला सूत्र एकच. एकटे चिंचोके मोजा, त्या संख्येला तिच्यात दोन मिळवून येणाऱ्या संख्येने गुणा, वर्गमूळ काढा. फेरसमध्ये चार एकटे, चार गुणिले सहा चोवीस, वर्गमूळ ४.९० बोर मॅग्नेटॉन (हे चुंबकत्व मोजायचं एकक). फेरिकमध्ये पाच, उत्तर ५.९२. क्युप्रिकमध्ये, म्हणजे तांब्याच्या +२ मध्ये, एक, १.७३.

रंगासाठी एक पाट लागेल. आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू जमले की पाच वाट्या एका पातळीवर राहत नाहीत. तीन जमिनीवर ठेवा, दोन पाटावर. टायटॅनियम +३ मध्ये एकच चिंचोका, तो जमिनीवर. प्रकाश पडला की तो पाटावर उडी मारतो आणि त्या उडीला लागणारी ऊर्जा, साधारण ५०० नॅनोमीटरची हिरवी छटा, शोषून घेतो. उरलेला प्रकाश आपल्याला जांभळा दिसतो. स्कँडियम +३ मध्ये उडी मारायला कोणी नाही, जस्त +२ मध्ये वर जागा नाही, दोघेही रंगहीन. आता मँगनीज +२ मांडा. पाचही वाट्यांत पांढरे. एक जमिनीवरचा पाटावर न्यायचा तर तिथे आधीच पांढरा आहे, म्हणजे जाणाऱ्याला उलटं व्हावं लागेल. अशी उडी फार क्वचित घडते, म्हणून त्याचं द्रावण जेमतेम गुलाबी दिसतं. हे समजतं तेव्हा मुलं चिंचोका हातात उलटा करून बघत बसतात, आणि मला तो क्षण फार आवडतो.

मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करा, ते विषारी आहे. निळे खडे परीक्षानळीत तापवले की पांढरी पूड होते, थेंबभर पाणी टाकलं की पुन्हा निळी. तांबं दोन्ही वेळी +२ च, वाट्यांत नऊच चिंचोके. बदलली ती पाटाची उंची. पाणी गेलं की पाट खाली येतो आणि शोषण डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात सरकतं. परमँगनेटचा गडद जांभळा मात्र या उड्यांचा नाही, कारण मँगनीज +७ च्या वाट्या रिकाम्या असतात. तिथे ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन मँगनीजकडे झेपावतो.

वितळणबिंदूचा अंदाजही एकट्या चिंचोक्यांवरून येतो, कारण धातूतले बंध घट्ट करायला तेच पुढे येतात. क्रोमियम १९०७ अंश सेल्सिअस, तांबं १०८५, जस्त फक्त ४२०. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम पाहायला मी दर वर्षी मुलांना नेते. हातोडीखाली तो पत्रा किती सहज आकार घेतो हे पाहिलं की भरलेल्या ३डीची गोष्ट पुस्तकाबाहेरही दिसते. मँगनीज इथे फसवतं: पाच एकटे असूनही १२४६. त्याचे पाच इलेक्ट्रॉन बंधात सहज उतरत नाहीत आणि स्फटिकाची रचनाही गुंतागुंतीची आहे.

आता कोबाल्ट +२ तुम्ही मांडा. २७ मधून १८ गेले, सहावी वाटी रिकामी करा, एकटे मोजा. तीन यायला हवेत, आणि सूत्राने ३.८७. गुलाबी द्रावणातल्या कोबाल्टचं प्रत्यक्ष मोजमाप त्याहून जास्त, ४.३ च्या पुढेच येतं. सूत्र फक्त स्पिन धरतं, आणि कोबाल्टमध्ये इलेक्ट्रॉनच्या ऑर्बिटलमधल्या गतीचंही चुंबकत्व त्यात मिसळतं. ते वाट्यांत दाखवायची युक्ती मला अजून सापडलेली नाही. तुम्हाला सापडली तर संध्याकाळी सहानंतर या, दार उघडंच असतं.